आफ्रिकेचा पेपर

फोन आला तेव्हा मी वर्गाच्या दाराशी उभी होते. आत एम.ए.ची मुलं बसलेली, बहुतेक मुलीच. नंबर परदेशातला होता, पण नवऱ्याचा नव्हता. पलीकडच्या माणसाने आधी स्वतःची ओळख दिली. खाणीच्या कॉलनीत तुमच्या पतींच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहतो, म्हणाला. मग सावकाश इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून, त्याने सांगितलं की ते आज सकाळी उठले नाहीत.

"म्हणजे ड्यूटीवर गेले नाहीत?" मी विचारलं.

तो म्हणाला, "मॅडम, ते वारले. झोपेतच. डॉक्टर येऊन गेले. हृदय बंद पडलं."

मी "थँक यू" म्हटलं. तुमच्याजवळ कोणी आहे का, असं त्याने विचारलं. मी दारातून आत पाहिलं आणि म्हटलं, हो, पुष्कळ जण आहेत. फोन पर्समध्ये ठेवला, वर्गात गेले आणि शिकवायला लागले.

मी बालाघाट जिल्ह्यातल्या एका सरकारी कॉलेजात इतिहास शिकवते. मध्य प्रदेशात आमच्यासारख्यांना 'अतिथी विद्वान' म्हणतात. नाव भारी, पण नोकरीची खात्री नाही. घरात आम्ही मराठी बोलतो, वर्गात हिंदी. आफ्रिकेच्या इतिहासाचा पेपर कोणालाच नको असायचा, म्हणून तो माझ्याकडे आला आणि माझ्याकडेच राहिला. आमच्या मुलांच्या डोक्यात आफ्रिका म्हणजे जंगल, सिंह आणि क्रिकेट. पहिले काही तास हे बाहेर काढण्यातच जातात.

त्या दिवशी असांते राज्य शिकवायचं होतं. आजचा घाना देश जिथे आहे तिथलं हे जुनं राज्य. सोन्याच्या व्यापारावर उभं राहिलेलं, दरबार, सैन्य, कर, रस्ते सगळं असलेलं. त्यांच्याकडे एक सोन्याचं आसन होतं. साऱ्या लोकांचा जीव त्या आसनात आहे असं ते मानत, म्हणून त्यावर राजासुद्धा बसत नसे. इंग्रजांच्या गव्हर्नरने एकदा भर सभेत विचारलं, ते आसन कुठे आहे, मी त्यावर का बसलेलो नाही? लोक काही न बोलता घरी गेले आणि लढाईच्या तयारीला लागले. एका राजमातेने ते युद्ध चालवलं. राज्य गेलं, ती कैदेत गेली, पण आसन इंग्रजांच्या हाती लागलं नाही.

लांजीकडून येणारी एक मुलगी होती. तिने विचारलं, "मॅडम, जब उस पर कोई बैठता ही नहीं, तो आसन किस काम का?"

वर्ग हसला. मीही हसले. मग तिला उत्तर दिलं, आणि चांगलं दिलं, मला आठवतं. घंटा झाल्यावर फळा पुसला आणि विभागप्रमुखांच्या खोलीत जाऊन म्हटलं, "सर, छुट्टी चाहिए. मेरे पति नहीं रहे."

"अरे! कब?"

"क्लास के पहले."

ते खुर्चीतून उठले आणि तसेच उभे राहिले. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. त्या दिवशी मला जे काही वाटलं ते एवढंच.

माझा नवरा मँगनीजच्या खाणीत फोरमन होता. आमच्या जिल्ह्यात मँगनीज कोणाला सांगावं लागत नाही. कोणाचा ना कोणाचा बाप, काका, भाऊ खाणीत असतोच. घानातही मँगनीजची मोठी खाण आहे. तिथे अनुभवी माणसं हवी होती. तो कंत्राटावर गेला, राहिला, दुसऱ्यांदा गेला. रविवारी दुपारी फोन करायचा. माझ्या पेपरची त्याला गंमत वाटायची. "तू ज्यायच्याबद्दल शिकवून राह्यली," म्हणायचा, "थे माह्यासोबत चाय पिऊन राह्यले." मी त्याला तिथल्या बंदरांवरच्या किल्ल्यांबद्दल विचारायचे, जिथून माणसं गुलाम करून जहाजात कोंबून नेली. तो म्हणायचा, दुरून पाहिलाय एक, पांढरा आहे, समुद्र छान आहे तिथे.

कागदपत्रांना वेळ लागला. प्रेत तिकडे, माणसं इकडे. घरात शेजारपाजार, नातलग, वस्तीतल्या बाया येऊन बसत, आणि ज्याच्यासाठी बसायचं तोच नव्हता. आम्ही बौद्ध. सगळ्यांनी पांढरे कपडे घातलेले. मी चहा करायचे. कोणी उठवलं की उठायचे, बसवलं की बसायचे.

सासूबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसलेल्या. त्यांनी माझ्या मुलीला विचारलं, "आफ्रिका केवढी दूर हाय व?"

मुलगी नागपूरला फार्मसी शिकते, बातमी कळताच आली होती. तिने मोबाइलवर नकाशा उघडून बोट ठेवलं. "हे आपण, आजी. हा समुद्र. ये पूरा आफ्रिका. और ये इधर, एकदम उस किनारे पर, घाना."

सासूबाईंनी बराच वेळ पाहिलं. "थो तर मले म्हने, नागपूरच्या पुढं हाय, आई, जरासं दूर."

मुलीला माझा राग आला होता. कोणीतरी कॉलेजातून भेटायला आलं होतं आणि त्याने कौतुकाच्या सुरात सांगितलं, की मॅडमनी बातमी कळल्यावरही तास पूर्ण घेतला. तो गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली.

"मम्मी, तू क्लास घेतला? पूरा?"

"हो."

"पापाचं कळल्यावर?"

"हो."

"काहून?"

मी गॅसवरचा चहा गाळायला घेतला. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग भांडी आपटत घासायला लागली. त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

ज्याने फोन केला होता तोच माणूस प्रेत घेऊन आला. कंपनी कोणालातरी पाठवणारच होती, पण याने स्वतःहून मागून घेतलं होतं. पुढे त्याने मला सांगितलं, की मेलेल्या माणसाला एकट्याला प्रवासाला पाठवणं त्याला बरं वाटेना. अक्रा, मग अदिस अबाबा, मग मुंबई, मग नागपूर. फोनवर तो हा मार्ग सांगत होता तेव्हा माझ्या डोक्यात आलं, अदिस अबाबा म्हणजे इथिओपिया, इटलीच्या फौजेला हरवणारा देश. युरोपने टेबलावर बसून सगळा खंड वाटून घेतला तेव्हाही जो हाती लागला नाही. पेपरात त्यावर हमखास प्रश्न येतो. नवऱ्याची पेटी तिथे एका विमानातून दुसऱ्या विमानात चढवली जात असेल आणि मी हमखास येणाऱ्या प्रश्नाचा विचार करत होते.

नागपूरहून ॲम्ब्युलन्स तुमसर, वारासिवनी करत दुपारी पोचली. पुढच्या सीटवरून तो उतरला. ठेंगणा, चष्मा लावलेला, माझ्या नवऱ्याच्याच वयाचा माणूस. काळा शर्ट, काळी पँट आणि खांद्यावरून घेतलेलं गडद लाल कापड. गल्लीतली पोरं धावत आली. बाया पदराआडून पाहू लागल्या. अख्खी वस्ती पांढऱ्यात आणि मधे तो लाल-काळा.

पेटी जड होती, स्क्रूने घट्ट बसवलेली. आमच्या लोकांना ती कशी उघडावी समजेना. कोणी म्हणालं सुताराला बोलवा. त्याने हाताने थांबवलं, बॅगेतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि गुडघ्यावर बसून एकेक स्क्रू सोडवला. सोडवलेले स्क्रू तो शर्टाच्या खिशात टाकत होता. आमच्याकडे लाकूड सगळ्यांनाच कळतं. एक म्हातारा झाकण ठोकून बघत म्हणाला, "हे सागवान नाई." दुसरा म्हणाला, "पन लाकूड चांगलं हाय." मी ते ऐकलं आणि मलाही वाटलं, हो, लाकूड चांगलं आहे.

मग नवऱ्याचा चेहरा दिसला. सासूबाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "लयच थंडा हाय," म्हणाल्या. मुलगी ओरडून रडली. मी तिला धरलं. माझे हात तिला धरून होते एवढं मला कळत होतं.

वैनगंगेच्या काठी सगळं झालं. परत येताना पाहुण्याने मला विचारलं, "मॅडम, तुमचे पती म्हातारे होते असं इथे मानतात का?"

"नाही. का?"

"सगळे पांढऱ्यात आहेत. आमच्याकडे माणूस पिकून, नातवंडं-पतवंडं पाहून गेला तरच पांढरं घालतात. अवेळी गेलेल्यासाठी काळं आणि लाल."

मी सांगितलं, आमच्याकडे कधीही गेला तरी पांढरं. त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पांढरा शर्ट घालून ओसरीवर आला. लाल कापड मात्र खांद्यावर होतं.

जलदानाच्या, म्हणजे गेलेल्याच्या नावाने पाणी देण्याच्या कार्यक्रमापर्यंत तो आमच्याकडेच राहिला. वस्तीने त्याला 'पाहुणे' हे नाव दिलं. तो आमचं भाताचं जेवण आवडीने जेवायचा, हातानेच, आणि वांग्याची भाजी परत मागायचा. त्याचं बोलणं माझी मुलगी सासूबाईंना हिंदी-मराठीत सांगायची. मी जवळ बसलेली असायचे, पण बोलायचे कमी.

एका दुपारी बोलताना तो माझ्या नवऱ्याचा उल्लेख एका वेगळ्याच नावाने करू लागला. एकदा, दोनदा. सासूबाईंच्या लक्षात आलं.

"हा कोनाचं नाव घेऊन राह्यला?"

त्याने समजावलं. त्यांच्याकडे मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. चर्चमधलं नाव नंतर लागतं, शाळेतलं नाव नंतर लागतं, पण वाराचं नाव जन्मासोबत येतं. खाणीतल्या सोबत्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं होतं, तू कोणत्या वारचा? त्याला माहीत नव्हतं. त्याने घरी फोन करून विचारून घेतलं, आणि तेव्हापासून तिथे सगळे त्याला बुधवारच्या नावाने हाक मारायचे.

सासूबाई ताठ बसल्या. "हौ, मले इचारलं होतं त्यानं फोनवर. मी म्हटलं, बुधवार. गावचा बाजार होता, तुहे आजोबा बैल घेऊन गेलते. मंग म्हटलं, काहून इचारून राह्यला, तं नुसता हासला." पदर सावरून त्या म्हणाल्या, "म्हंजे तिथंबी कोनीतरी त्याचा वार ध्यानात ठेवत होतं."

मुलीने ते भाषांतर करून सांगितलं. पाहुण्याने चष्मा काढून पुसला. मला त्या नावाचा उच्चार जमतो का ते मी मनातल्या मनात करून पाहिलं. मी वर्गात दरवर्षी सांगते, की त्या भागात जन्मवारावरून नावं ठेवतात. परीक्षेत लिहिण्यासारखा मुद्दा आहे. माझ्या नवऱ्याला तसं एक नाव होतं हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. लपवण्यासारखं नव्हतंच, राहून गेलं असेल.

जलदानाच्या दिवशी भंतेजी आले. त्रिसरण, पंचशील झालं. मग सासूबाईंनी आणि मी मिळून तांब्यातलं पाणी ताटातल्या वाटीत ओतायला घेतलं, वाटी भरून वाहीपर्यंत. बारीक धार धरायची असते. सासूबाईंच्या हाताला मी खालून आधार दिला. पाणी वाहून ताटात आलं, सगळ्यांनी साधू, साधू, साधू म्हटलं.

पाहुणा दाराशी उभा राहून पाहत होता. कार्यक्रम आटोपल्यावर त्याने विचारलं, मीही पाणी दिलं तर चालेल का? भंतेजींनी हसून हात जोडले. तो पेला घेऊन अंगणात गेला, चपला काढल्या, आणि थोडं थोडं पाणी मातीत सांडत आपल्या भाषेत बोलत राहिला. त्यात आधी त्याचे पूर्वज होते, हे त्याने नंतर सांगितलं, मग माझ्या नवऱ्याचं बुधवारचं नाव. प्रत्येक वेळी सांडलं की थांबायचा, कोणीतरी हुंकार द्यावा म्हणून. कोणाला काही समजत नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी सासूबाईंनीच ओसरीवरून "हौ" म्हटलं. पुढे प्रत्येक वेळी म्हटलं.

नंतर मी विचारलं, "तुम्ही तर चर्चला जाता ना?"

"जातो. दर रविवारी," तो म्हणाला. "पण पाणी चर्चच्या आधीचं आहे."

माझ्या नवऱ्याची आणि त्याची मैत्री कशी झाली, हे त्याने त्याच दिवशी जेवताना सांगितलं. त्याच्या आजोबांना पोरांना हाकताना "जल्दी, जल्दी!" म्हणायची सवय होती. घरातल्या सगळ्यांना तो इंग्रजी शब्द वाटायचा. एकदा खाणीत तो कामगारांवर "जल्दी!" म्हणून ओरडला आणि नवीन आलेला हिंदुस्थानी फोरमन हसत सुटला. हा तर आमचा शब्द आहे, तुझ्याकडे कुठून आला? तेव्हा आजोबांची गोष्ट निघाली.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत होते. त्यांचा देश तेव्हा गोल्ड कोस्ट म्हणून ओळखला जायचा. पश्चिम आफ्रिकेतून जहाजाने त्यांना मुंबईला आणलं, नाशिकजवळच्या छावणीत ठेवलं, मग रेल्वेने अख्खा देश ओलांडून ब्रह्मदेशात जपान्यांशी लढायला नेलं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. आमच्याच माणसांसारखी ती माणसंही गोऱ्यांची लढाई लढली. परतल्यावर कामधंदा नाही, विचारपूस नाही. १९४८ साली अक्रामध्ये माजी सैनिक अर्ज घेऊन शांतपणे गव्हर्नरकडे निघाले तेव्हा पोलिसांनी गोळ्या घातल्या. माणसं मेली, शहर पेटलं. तिथून स्वातंत्र्याची मागणी थांबली नाही.

"माझे आजोबा त्या मोर्चात होते," पाहुणा म्हणाला. "मेडल लावून गेले होते. पळताना एक चप्पल राहिली. घरी आले तर आजीने आधी चपलेचं विचारलं."

"आणि स्वातंत्र्य मिळालं तेव्हा?" मी विचारलं. त्या दिवसांत मी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

"तेव्हाही मैदानात होते. लोक नाचत होते, रडत होते. आजोबा सांगायचे, मला काहीच वाटलं नाही. मी पाय दुखतात म्हणून बसायला जागा शोधत होतो. पुढे कित्येक महिन्यांनी ते पोस्टात तिकिटं घ्यायला गेले. रांग होती. एक गोरा साहेब नेहमीसारखा सरळ खिडकीशी गेला. आतला कारकून आमचाच होता. तो म्हणाला, 'सर, मागे रांग आहे.' आजोबा तिकिटं न घेताच बाहेर आले आणि पायरीवर बसून रडले. लोकांना वाटलं, घरी कोणी मेलं."

मुलीने हे सगळं आजीला सांगितलं. सासूबाईंनी घास हातातच ठेवून ऐकलं. मग म्हणाल्या, "मंग थो गोरा रांगेत लागला का नाई?"

पाहुण्याला प्रश्न कळल्यावर तो मोठ्याने हसला. त्या घरात तितक्या दिवसांत कोणी असं हसलं नव्हतं. "लागला," तो म्हणाला. "आजोबा सांगायचे, लागला."

"हं," सासूबाई म्हणाल्या आणि घास तोंडात घातला.

संध्याकाळी मी अंगणात बसले होते. मुलगी तेलाची बाटली घेऊन आली, माझ्यामागे बसली आणि वेणी सोडायला लागली. क्लासबद्दल तिने पुन्हा विचारलं नाही. "मम्मी, किती गुंता करून ठेवला," एवढंच म्हणाली.

पाहुणा जाण्याआधी प्राचार्यांनी मला त्याला कॉलेजात आणायची विनंती केली. मला नाही म्हणायचाही उत्साह नव्हता. हॉल भरला. बरीच मुलं सेल्फीसाठी आलेली. मागून कोणीतरी एका क्रिकेटपटूच्या नावाने आरोळी मारली. त्याने तिकडे पाहून हात हलवला आणि म्हणाला, "मला फुटबॉल खेळता येतो, तोही वाईट." मी हिंदीत सांगितलं. हॉल शांत झाला.

त्याने भाषण केलं नाही, गोष्टी सांगितल्या. त्याच्या आईचं माहेर शेजारच्या देशात आहे. मधली सीमा युरोपच्या लोकांनी आखली. इकडे इंग्रज, तिकडे फ्रेंच. घरात भाषा एक, देव एक, पण मामेभाऊ शाळेत फ्रेंच शिकले आणि हा इंग्रजी. आता लग्नात भेटले की हिशेब आपापल्या भाषेत करतात. हे ऐकून मुलं हसायला लागली. अर्ध्या मुलांचे मामा गोंदियाकडे आहेत, त्यांची पोरं मराठी शाळेत आणि ही हिंदी. एकजण ओरडला, "सर, सेम टू सेम!"

लांजीकडची ती मुलगी उठली. तिने मला आधी विचारलं, विचारू का? मग म्हणाली, "पुराना घाना राज्य तो बहुत दूर था, उत्तर में. फिर इन्होंने अपने देश का नाम घाना क्यों रखा? जो अपना था ही नहीं?"

हा प्रश्न मी दरवर्षी स्वतः विचारते आणि पुस्तकातलं उत्तर देते. मी तो पाहुण्याला इंग्रजीत सांगितला.

"आमच्या किनाऱ्याला त्यांनी जी नावं दिली ती माल पाहून दिली," तो म्हणाला. "आमचा सोन्याचा किनारा. शेजारी हस्तिदंताचा किनारा. पलीकडे गुलामांचा किनारा. दुकानातल्या खोक्यांवर लिहितात तसं. मालाचं नाव किती दिवस लावून फिरणार? म्हणून एका जुन्या राज्याचं नाव घेतलं. दूरचं होतं, पण राज्याचं होतं."

मी भाषांतर केलं. माझा आवाज नेहमीसारखाच होता. मुलगी उभीच राहिली. मग ती हळू म्हणाली, "हमारे टोले का, हमारी बस्ती का नाम भी बदला है, सर. पहले जाति का नाम था. अब बोर्ड पर दूसरा लिखा है. लेकिन लोग पुराना ही बोलते हैं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. पाहुणा म्हणाला, "आमच्याकडेही म्हातारे मरेपर्यंत गोल्ड कोस्टच म्हणायचे. तुम्ही नवं म्हणत राहा. पोरं तेच शिकतील."

ती खाली बसली. शेजारच्या मुलीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी घड्याळ पाहिलं आणि आभार मानायला उठले.

दुसऱ्या दिवशी तो गोंदियाहून नागपूरला गेला. सासूबाईंनी त्याला पोह्यांची पिशवी बांधून दिली आणि त्याच्या आईसाठी एक पांढरं लुगडं. निघताना त्याने त्यांच्या पायांना हात लावला. कुठे पाहून शिकला कोण जाणे. मला म्हणाला, "सिस्टर, तुम्ही रडला नाहीत." दोष देत नव्हता. दिसलं ते सांगत होता.

"नाही," मी म्हटलं.

"ठीक आहे," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

त्यानंतरचं वर्ष मी कॉलेजला गेले, आले. पेपर तपासले. नवऱ्याचे शर्ट कपाटात होते तसेच होते. एक दिवस ते धुवून वाळत घातले, इस्त्री करून परत ठेवले. पुढच्या सत्रात विभागप्रमुखांनी समजूतदारपणे विचारलं, आफ्रिकेचा पेपर दुसऱ्या कोणाला देऊ का? मी म्हटलं, नको, राहू द्या. ते का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही नीट सांगता आलं नसतं. लोक म्हणतात, मोकळी हो. मी प्रयत्न करून पाहिला, एकदा बाथरूममध्ये नळ सोडून. काही झालं नाही, बादली भरून वाहिली.

वर्ष भरलं तेव्हा पाहुण्याचा निरोप आला. तिकडे एक वर्षाने पुन्हा जमतात. खाणीच्या कॉलनीत कार्यक्रम ठेवलाय, तुम्ही फोनवरून दिसाल का? रविवारी दुपारी मुलीने टेबलावर पुस्तकांचा थर लावून मोबाइल उभा केला. सासूबाई नवं पातळ नेसून समोर बसल्या.

पडद्यावर एक पत्र्याचं छत दिसलं, खुर्च्या, काळ्या-पांढऱ्या कापडातली माणसं. कोणीतरी ढोल वाजवत होतं. पाहुणा आला, त्याने सगळ्यांची ओळख करून दिली: हा क्रेनवाला, हा कँटीनचा, ही डॉक्टर. सगळे माझ्या नवऱ्याचं बुधवारचं नाव घेत होते. मग त्याने आपल्या आईला पुढे आणलं. म्हातारी, जाडसर, काठी टेकत आलेली. तिने आमचं पांढरं लुगडं डोक्याला गुंडाळलं होतं.

"हे तं डोक्शाले बांधलं!" सासूबाई म्हणाल्या. त्यांना ते आवडलं की नाही, समजेना. "तिले इचार, जेवली का?"

मुलीने विचारलं. उत्तर आलं की अजून नाही, आधी पाणी द्यायचं आहे.

"आन् गुडघे दुखते का तिचे?"

दुखतात, उत्तर आलं, डावा जास्त.

"माहा उजवा," सासूबाई म्हणाल्या.

तिकडच्या आईने पेला उचलला. मातीत पाणी सांडत ती बोलू लागली, आणि ती थांबली की सगळी माणसं हुंकार द्यायची. इकडे सासूबाई "हौ" म्हणायच्या. मुलगीही म्हणायला लागली. मी दोघींच्या मागे उभी होते. माझे ओठ हलले असतील, मला आठवत नाही.

मग चित्र अडकलं. म्हातारी हात वर करून तशीच थांबली, पेल्यातून निघालेलं पाणी हवेत. सासूबाईंनीही तिला पाहून हात वर केला होता, निरोप देते आहे असं समजून. त्या हात तसाच धरून बसल्या.

"आजी, कट गया," मुलगी म्हणाली. "नेटवर्क गेलं."

"कटलं?"

"हौ. कटलं."

"मंग सांगाचं ना व," सासूबाई म्हणाल्या आणि हात खाली घेतला. थोडा वेळ आम्ही फोन पुन्हा लागतो का ते पाहिलं. लागला नाही. मी ताटं घ्यायला आत गेले.